गोरिला ट्रेकला निघताय? या चुका टाळा

माउंटन गोरिला आता जगात दोनच ठिकाणी उरलेत. एक रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरची विरुंगाची ज्वालामुखींची रांग आणि दुसरं युगांडातलं ब्विंडीचं अरण्य. 2019 साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार दोन्हीकडचे मिळून 1063. त्यांच्या एका कुटुंबाला दिवसाला फक्त आठ पर्यटक भेटू शकतात, तेही एकच तास. या तासाच्या परमिटसाठी, म्हणजे परवान्यासाठी, परदेशी पाहुण्याला रवांडात 1500 डॉलर आणि युगांडात 800 डॉलर मोजावे लागतात. एवढा खर्च करून गेलेली माणसं एखाद्या साध्या गोष्टीपायी हिरमुसून परततात, तेव्हा फार वाईट वाटतं. बहुतेक घोळ जंगलात होत नाहीत, घरी बसून बुकिंग करतानाच होतात.

सुट्टी आपली, पाऊस तिकडचा

आपण सहल आखतो ती शाळेच्या सुट्ट्या बघून, म्हणजे मे महिना किंवा दिवाळी. तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा पाऊस. गोरिला पावसातही दिसतात, परमिटही तेव्हा सहज मिळतं. पण ब्विंडीच्या उभ्या उतारांवर चिखल झाला की पाऊल ठरत नाही. घरचे ज्येष्ठ सोबत असतील तर जून ते सप्टेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरा. त्यातल्या त्यात नाताळची सुट्टी जमण्यासारखी आहे, मात्र त्या दिवसांचं परमिट कित्येक महिने आधी घ्यावं लागतं. परमिट हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

परमिटवरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव, लग्नानंतरचं आडनाव यात हमखास गोंधळ होतो. एजंटला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टची प्रतच पाठवा.

दुसरा मोठा घोळ ब्विंडीतल्या सेक्टरचा. बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि एन्कुरिंगो अशा चार बाजूंनी ट्रेक सुरू होतात आणि परमिट त्यातल्या एकाच ठिकाणचं असतं. नकाशावर सगळं एकाच जंगलात दिसतं, म्हणून लोक परमिट रुशागाचं घेतात आणि स्वस्त मिळाली म्हणून खोली बुहोमाला. मधे डोंगरातला काही तासांचा रस्ता आहे आणि सकाळच्या हजेरीला उशीर चालत नाही. आधी सेक्टर ठरवा, मग हॉटेल. युगांडाच्या एंटेबी विमानतळावर उतरून ब्विंडी गाठायला गाडीनं जवळजवळ अख्खा दिवस जातो. रुशागा किंवा एन्कुरिंगोला जायचं असेल तर रवांडातलं किगाली जवळ पडतं. मग सीमा ओलांडावी लागते, त्यासाठी केनिया-युगांडा-रवांडाचा एकत्रित पूर्व आफ्रिका व्हिसा सोयीचा.

मुलांचं वय 15 पूर्ण हवं. साडेचौदा चालत नाही, विनंती करूनही नाही. लहान भावंड असेल तर त्या दिवशी त्याच्यासोबत कोण थांबणार हे घरीच ठरवा.

यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. युगांडात शिरताना तर लसीचा दाखला लागतोच, शिवाय परतल्यावर तो नसेल तर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.

सर्दी लपवू नका

बाकीच्या चुकांचा फटका आपल्याला बसतो, या चुकीचा गोरिलांना. त्यांची आणि आपली जनुकं जवळपास 98 टक्के सारखी आहेत. आपला साधा खोकला त्यांच्यात न्यूमोनिया होऊन बसतो. 2009 साली रवांडातल्या हिर्वा नावाच्या गोरिला कुटुंबात माणसांमध्ये आढळणारा श्वसनाचा विषाणू पसरला, त्यात एक मादी आणि एक पिल्लू दगावलं. त्याआधी 1996 मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांमध्ये खरजेची साथ आली आणि त्यातही एक पिल्लू गेलं. त्या साथीचा माग काढणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी पुढे माणसं आणि गोरिला, दोघांच्या आरोग्यावर एकत्र काम करणारी संस्था उभी केली. जंगलाकाठच्या गावात माणूस निरोगी राहिला तरच गोरिला निरोगी राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

तरीही सकाळी गोळी घेऊन ताप उतरवायचा आणि रांगेत उभं राहायचं, असं लोक करतात. कृपा करून असं करू नका. लांबच्या विमानप्रवासात सर्दी लागायची शक्यता असते, तेव्हा विमानात मास्क लावा, ट्रेकच्या आधी निदान दोन दिवस पोहोचा आणि नीट झोपा. नाक गळत असेल, पोट बिघडलं असेल तर गाइडला स्वतःहून सांगा. पैसे किती परत मिळतील हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा, म्हणजे त्या सकाळी मोहाला जागा राहत नाही. जंगलात थुंकायचं नाही. खोकला आलाच तर तोंड फिरवून कोपरात खोकायचं. तंबाखू हॉटेलवरच राहू द्या.

कपडे आणि चढ

सह्याद्रीत हाफ पँटवर फिरणाऱ्यांनी इथे तो हट्ट सोडावा. विरुंगाच्या उतारांवर कमरेएवढी खाजरी झुडपं आहेत. त्यांचे बारीक काटे पातळ कापडातूनही टोचतात आणि क्षणात गांधी उठतात. जाड फुल पँट, तिचे पाय पायमोज्यांत खोचलेले, लांब बाह्या, आणि बागकामाचे जाड हातमोजे एवढं हवंच. पायमोज्यांचा दुसरा उपयोग जंगलातल्या मुंग्यांच्या रांगा ओलांडताना कळतो. सॅकमध्ये कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची सवय असेल तर रवांडात जाताना मोडा. तिथे 2008 पासून या पिशव्यांवर बंदी आहे.

चालणं अर्धा तासही असतं आणि सहा तासही. ट्रॅकर पहाटेच पुढे जाऊन कुटुंब शोधतात, पण गोरिला खात खात सरकत राहतात. गुडघे दुखत असतील तर सकाळी तसं सांगा. रवांडात किनिगीला, म्हणजे सकाळी सगळे जमतात तिथे, गट पाडताना चालण्याची ताकद बघतात. आणि पोर्टर घ्याच. सामान थोडं असलं तरी घ्या. घसरड्या उतारावर तो हात देतो, आणि त्याच्या गावाला जंगल राखण्यातून मिळणारी ती थेट कमाई असते.

समोर आल्यावर

दहा मीटर अंतर ठेवा. पिल्लू खेळत तुमच्याकडे आलं तर हात पुढे करू नका, हळूच मागे सरका. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला मोठा नर, धावून आला तर पळायचं नाही. खाली बसायचं, नजर खाली ठेवायची, गाइडकडे लक्ष द्यायचं. गाइड घशातून खाकरल्यासारखा खोल आवाज काढतो. तो 'सगळं ठीक आहे' असं सांगणारा गोरिलांचाच आवाज असतो. बहुतेकदा एवढ्यानं भागतं.

फोटो बिघडतात ते काळ्या केसांमुळे. कॅमेरा काळा रंग उजळायला जातो, मग गोरिला राखाडी दिसतो आणि मागची पानं पांढरी फटक पडतात. फोनवर गोरिलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढा. फ्लॅश बंद आहे याची खात्री आदल्या रात्रीच करा, तिथे गेल्यावर बोटं थरथरतात.

बक्षिसीसाठी डॉलरच्या नव्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आणि गाइडला देताना ट्रॅकरना विसरू नका. तुम्ही पोहोचता तेव्हा ते झाडीत मागे उभे असतात, म्हणून ते राहून जातात.