गॅरेजच्या मोटर शटरची पावसाळ्याआधीची तयारी

हे सगळं मे महिन्यातच उरकायचं. झाडलोट तुम्ही करालच. आधी एकच बघा: लाईट गेल्यावर शटर उघडतं का? शटर पूर्ण खाली आणा, मेन स्विच बंद करा आणि हाताने उघडा. शटरच्या बाजूला बसवलेली साइड मोटर असेल तर हातसाखळीने, शटर ज्यावर गुंडाळतं त्या पाईपवरची सेंटर मोटर असेल तर ब्रेक सोडणारी रिलीजची वायर ओढून. साखळी कोणीतरी वर हूडमध्ये, म्हणजे गुंडाळलेल्या शटरवरच्या पत्र्याच्या झाकणात, खोचून ठेवलेली असते, वायर गंजून जाम असते, आणि ते कळतं गाडी आत अडकल्यावर. शटर वर असताना रिलीज ओढायची नाही; शटरचं वजन तोलणारी स्प्रिंग ढिली असेल तर अख्खं शटर धाडकन खाली येतं. गॅरेजला दुसरं दार नसेल तर रिलीज बाहेरूनही ओढता आली पाहिजे, कुलपाच्या छोट्या डबीतून.

गाईड चॅनलमध्ये, म्हणजे शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांमध्ये, ग्रीस थापू नका, मिस्त्री काहीही म्हणो. ग्रीसवर धूळ बसते आणि तो चिखल पट्ट्यांच्या कडा खातो. ब्रश, कोरडं फडकं, मग सिलिकॉन स्प्रे किंवा मेणबत्ती घासा. तळाचा वीतभर गाळ स्क्रू ड्रायव्हरने उकरा. चॅनल तिथूनच सडतो. ग्रीस फक्त बेअरिंगला आणि साइड मोटरच्या चेनला.

सेंटर मोटर रिलीज केलेलीच आहे तर दोघांनी मिळून शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हलके करा, पण काढू नका. जागेवर थांबलं तर ठीक. घसरलं तर स्प्रिंग ढिली, वर पळालं तर जास्त ताणलेली. स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही. तिच्यातला ताण हात मोडण्याएवढा असतो, कारागीरच बोलवा. पाईप भिंतीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या फास्टनरभोवती (भिंतीतल्या बोल्टभोवती) प्लास्टरला बारीक भेग दिसली तर त्याच दिवशी बोलवा.

हाताने उघडून बघितलंत ना? बटण दाबून चाललं म्हणजे झालं असं नाही. मेन बंद, मग हाताने.

रिमोटने खाली आणताना शटर नजरेसमोर हवं. सेन्सर नसलेल्या मोटरला खाली मूल आहे की बादली, कळत नाही. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबा, अर्थिंग बघून घ्या. लागोपाठ चालवून मोटर बंद पडली तर ती बहुधा जळलेली नसते, तापलेली असते. वीसेक मिनिटं थांबा. कडी लावलेली असताना बटण दाबू नका, पट्ट्या वाकतात. शेवटी रिमोटचा सेल आणि शटरखालचं रबर बघा, कुलपाला तेल द्या.