शांघायला जाताय? ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणण्याआधी या चुका टाळा

शांघायहून परतलेल्या माणसाची तक्रार कुठून सुरू होणार हे आता पाठ झालंय. “पैसे होते हो, पण घ्यायलाच कुणी तयार नव्हतं.” मग गुगल चालेना, टॅक्सीवाल्याला पत्ता कळेना, आणि शेवटी “शाकाहारी सांगूनही ताटात डुक्कर आलं.” यातलं बहुतेक सगळं निघण्याआधीच्या आठवड्यात, घरी चहा पितानाच बिघडलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: पैसे आणि फोन विमानतळावर ‘सेट’ करणं

शांघायमध्ये भाजीच्या गाडीपासून मॉलपर्यंत सगळं क्यूआर कोडवर चालतं. त्यात आपल्या यूपीआयवर भिस्त ठेवता येत नाही. लागतं ते अलीपे किंवा वीचॅट, ही तिथली पैसे भरायची अ‍ॅप्स. दोन्हींत परदेशी, म्हणजे आपलं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं. “अ‍ॅप डाउनलोड केलंय” असं सांगणारे भेटतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो. डाउनलोड ही तयारीची पहिली पायरीसुद्धा नाही.

नमुना पाहा. बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे आलेलं विमान रात्री अकरा-साडेअकराला शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरतं. मेट्रोची २ नंबरची लाइन तोवर संपलेली, मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकावर धावणारी जलद गाडी, त्याच्याही आधी. प्रवासी बाकावर बसून अलीपेमध्ये कार्ड टाकतो. बँक ओटीपी पाठवते तो भारतीय सिमवर, आणि त्या सिमवर रोमिंग चालू नाही. ओटीपी आला असता तरी कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच आहेत. ते चालू करायला बँकेचं अ‍ॅप उघडावं, तर ते सिमची खात्री करायला एसएमएस पाठवू पाहतं आणि तो जात नाही. हॉटेलचं बुकिंग जीमेलमध्ये, विमानतळाच्या वायफायवर जीमेल उघडत नाही. घरी फोन करावा, तर व्हॉट्सअ‍ॅपही बंद. एवढ्यात “टॅक्सी, टॅक्सी” करत एक गृहस्थ जवळ येतात, बॅग उचलतात आणि मीटरच्या तिप्पट-चौपट पैसे रोख मागतात. अधिकृत टॅक्सीची रांग तिथून पन्नास पावलांवर असते, पण त्या क्षणी माणसाला ती दिसत नाही.

यातली एकेक गाठ घरी पाच मिनिटांत सुटते. निदान आठवडाभर आधी बसा. पहिल्यांदा बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही स्विच चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशांतर्गत चालू स्थितीत येतं, बाकीचं आपणच उघडायचं असतं. मग अलीपेला कार्ड जोडून पासपोर्टच्या फोटोसह ओळख पडताळणी पूर्ण करा. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, वडिलांचं नाव गाळू नका. वीचॅटला वेगळ्या बँकेचं कार्ड जोडा. दोन्ही अ‍ॅप्सना एकच कार्ड जोडणारे लोक ते ब्लॉक झालं की दोन्हीकडून अडकून बसतात.

डेटासाठी भारतीय सिमचं रोमिंग पॅक किंवा परदेशी नेटवर्कवरून चालणारं ई-सिम घ्या. अशा जोडणीवर व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, गुगल चालतात. हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, कारण चीनच्या इंटरनेटवर ते अडवलेले आहेत. ई-सिम घेतलंत तरी ओटीपीच्या एसएमएससाठी भारतीय सिम रोमिंगसह जिवंत ठेवायचंच.

परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अ‍ॅप शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्याला ३ टक्के लागतात. (२०२५ मध्ये एक युआन म्हणजे साधारण बारा-साडेबारा रुपये होते.) हे शुल्क कळल्यावर काही हुशार मंडळी काउंटरवर ६०० युआनच्या बिलाचे चार तुकडे पाडून मागतात. वाचतात अठरा युआन, मागे रांगेत आठ माणसं खोळंबतात. असलं करू नका.

दोन बारकावे. दुकानदार स्कॅन करतो तो तुमचा पेमेंट कोड दर मिनिटाला बदलतो, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणं फुकट आहे. आणि फुटपाथवरच्या फळवाल्याचा कोड बऱ्याचदा त्याचा वैयक्तिक असतो. परदेशी कार्डावरून वैयक्तिक खात्यात पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून व्यवहार अडकतो. पुन्हा पुन्हा स्कॅन करत बसण्यापेक्षा खिशात १० आणि २० च्या नोटांत पाचएकशे युआन ठेवा. रोख नाकारणं दुकानदाराला कायद्याने मुभा नाही, पण शंभरच्या नोटेचे सुटे त्याच्याकडे नसतात, हेही खरं.

गुगल मॅप उघडतो म्हणून त्याच्यावर चालणं

रोमिंगवर गुगल मॅप उघडतो, आणि तिथेच घोळ होतो. चीनमधले नकाशे वेगळ्या निर्देशांक पद्धतीवर बेतलेले असतात, त्यामुळे गुगलवरचा निळा ठिपका काहीशे मीटर सरकलेला असू शकतो. शांघायमध्ये काहीशे मीटर म्हणजे उड्डाणपुलाची पलीकडची बाजू. गाओद, म्हणजे अ‍ॅमॅप वापरा. इंग्रजीत चालतो.

हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत, फोन नंबरसह, फोटो म्हणून गॅलरीत ठेवा. इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला दाखवून काही होत नाही. नानजिंग रोड पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत आहे, नुसतं ‘नानजिंग रोड’ पुरत नाही. अलीपेतूनच ‘दीदी’ या सेवेची टॅक्सी बोलावता येते. गाडीत बसताना चालक ‘वेइ हाओ’ विचारतो, म्हणजे तुमच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. फोनवर टाइप करून दाखवा. बोटांनी दाखवायला गेलात तर पंचाईत होईल: अंगठा आणि तर्जनी ताठ केली की तिथे आठ होतात, दोन नाही.

‘नो मीट’ म्हणणं

शाकाहारी मंडळींचा घात याच दोन शब्दांनी होतो. चिनीत ‘रोउ’ म्हणजे मांस, पण नुसतं ‘रोउ’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे डुकराचं मांस येतं. ते नको म्हणालात, तर तो मनापासून कोळंबी किंवा कोंबडी घालून आणतो. तो फसवत नसतो, तुमचं ऐकत असतो.

त्यातून भाजी दिसते ती भाजी असतेच असं नाही. मापो टोफूत खिमा असतो. सुकी परतलेली घेवड्याची शेंग, ‘गानब्यान सजीदोउ’, बहुतेक ठिकाणी डुकराचा खिमा भुरभुरून येते. ‘यूश्यांग’ वांगं म्हणजे शब्दशः माशाच्या सुगंधाचं वांगं. त्यात मासा नसतो, खिमा मात्र असतो. नावात मासा आणि ताटात डुक्कर. आणि साध्या पालेभाजीतसुद्धा स्वयंपाकी मिठाबरोबर ‘जी जिंग’, म्हणजे चिकनची पावडर, सवयीने टाकतो. वर ऑयस्टर सॉसचा, म्हणजे कालवांच्या सॉसचा, चमचा. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक आठवडाभर “छान शाकाहारी मिळालं” म्हणत खात राहतात.

उपाय एकच: लिहिलेली चिठ्ठी. तोंडी ‘वो छ सू’ (मी शाकाहारी खातो) म्हणता येईल, पण सूर चुकला की अर्थ गेला. घरीच भाषांतराच्या अ‍ॅपमधून छोटी, वेगवेगळी वाक्यं करून घ्या. मांस नको. मासे नकोत. कोळंबी, खेकडा नको. कोंबडी नको. खिमा नको. डुकराची चरबी नको. चिकन पावडर नको. ऑयस्टर सॉस नको. अंडं चालत नसेल तर ते वेगळं लिहा, कारण बरेच जण ते मांसाहारात धरत नाहीत. एकच लांबलचक नम्र वाक्य केलंत तर भाषांतरात ‘नको’ कुठे पडेल सांगता येत नाही. मजकूर उलट भाषांतर करून तपासा, पहिल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर एकदा वाचून घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. ताट आल्यावर दाखवून उपयोग काय?

खात्रीचं हवं तर ‘सू’ची उपाहारगृहं शोधा. नानजिंग रोड पश्चिमेवरचं गोंगदलिन १९२२ पासून आहे. यूफो मंदिरात, म्हणजे जेड बुद्धाच्या देवळात, शाकाहारी नूडल्स मिळतात. बौद्ध स्वयंपाकात सहसा कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींची तेवढी सोय होते. कंदमुळांचं मात्र विचारावं लागेल. सकाळी रस्त्यावर ‘श्यांगगू त्साय बाओ’, म्हणजे मशरूम आणि पाल्याचं सारण भरलेला वाफवलेला गोळा, पोट भरायला उत्तम. ‘सू जी’ हे नाव ऐकून दचकू नका. ‘जी’ म्हणजे कोंबडी खरी, पण तो सोयाबीनचा पदार्थ आहे.

मुलाकडे उतरलेले आई-बाबा

परदेशी माणसाने मुक्कामाच्या जागी पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात ते काम हॉटेल करतं, म्हणून कुणाला पत्ता नसतो. मुलाच्या, मित्राच्या घरी उतरलात तर ते तुमचं काम. शांघायमध्ये ऑनलाइन होतं. नाहीतर पासपोर्ट, व्हिसाचं पान आणि यजमानाचा भाडेकरार घेऊन जवळच्या ‘पायछूसो’त, म्हणजे पोलीस चौकीत जायचं. न केल्यास २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मधेच दोन दिवस हांगझोऊला हॉटेलात राहून परतलात तर घरची नोंद पुन्हा करून टाका. “कोण बघतंय” असं म्हणणारे शेजारी दंड भरायला येत नाहीत. मूळ पासपोर्टही सतत जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

यूट्यूबवर गाजणारा २४० तासांचा व्हिसामुक्त ट्रान्झिट, म्हणजे तिसऱ्या देशात जाताना वाटेत व्हिसाविना थांबायची सवलत, भारतीय पासपोर्टला लागू नाही.

शांघायला रेल्वेची मोठी स्टेशनं अनेक आहेत. तिकिटावर होंगच्याओ, दक्षिण की नुसतं शांघाय ते वाचा, आणि पाऊण-एक तास आधी पोचा. तिकीट म्हणजे तुमचा पासपोर्टच, आणि गेट गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं.

आपली पॉवर बँक घेऊन चीनमधलं देशांतर्गत विमान पकडू नका. २८ जून २०२५ पासून ३सी, म्हणजे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा, शिक्का नसलेली तिथे काढून घेतात, आणि भारतात घेतलेल्यांवर तो सहसा नसतोच.

नानजिंग रोड किंवा वायतानच्या, म्हणजे ‘बंड’च्या, नदीकाठावर गोड इंग्रजी बोलणारी तरुण जोडी फोटो काढून द्यायला सांगते आणि मग ‘चहाचा पारंपरिक सोहळा’ बघायला बोलावते. जाऊ नका. बिल हजारांत येतं, युआनच्या.

रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे पहिली गाडी डावीकडून येणार. शिवाय इलेक्ट्रिक स्कूटर फुटपाथवरून आवाज न करता येतात.

१ ऑक्टोबरच्या आठवड्यात, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, जाऊ नका. मुळीच.

जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ती मृतांपुढच्या उदबत्तीची खूण आहे. टीप ठेवायची पद्धत नाही. आपली मान डोलावणं ‘हो’ की ‘नाही’ हे समोरच्याला कळत नाही, शब्दात सांगा. तैवान, तिबेट, सीमावाद हे विषय जेवणाच्या टेबलावर काढणाऱ्याला नेमकं काय मिळवायचं असतं, देव जाणे.

भेट द्यायची तर घड्याळ नको. ‘घड्याळ देणं’ आणि ‘अंत्यविधी करणं’ यांचा चिनी उच्चार सारखाच होतो. दोन्ही हातांनी द्या, आणि समोरच्याने लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. हापूसची पेटी, पेढे आणि साजूक तूप मात्र घरीच राहू द्या: ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला तिथल्या कस्टम्सची बंदी आहे. कोरडा चिवडा आणि राजगिऱ्याच्या वड्या बंद पाकिटात न्या.