स्ट्रेनला दोष देण्याआधी पाणी बघा: फर्मेंटरमधल्या या चुका टाळा

लशीसाठी लागणारं प्रथिन फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेताना उत्पादन घसरलं, की पहिला संशय स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या वाणावर जातो. नागपुरात एप्रिल ते जून मी आधी थंड पाण्याच्या पाइपला हात लावायला सांगेन.

जिवाणू जितका ऑक्सिजन वापरतात तितकी उष्णता सोडतात, आणि दाट कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढत असलेल्या द्रवात, ती भरपूर असते. जॅकेटला (फर्मेंटरभोवतीच्या, थंड पाणी खेळवायच्या आवरणाला) गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोडलं असेल तर नवतपात तेच तापलेलं. मग ३७ अंश टिकवताना नाकी नऊ येतात. इंडक्शनसाठी, म्हणजे जिवाणूंना प्रथिन बनवायला लावण्यासाठी, २५ अंशांवर उतरणं तर विसराच. गरम राहिलेल्या कल्चरमध्ये प्रथिन घाईघाईने बनतं, त्याची घडी नीट पडत नाही आणि ते इन्क्लूजन बॉडीत, म्हणजे पेशीतल्या न विरघळणाऱ्या गोळ्यांत अडकतं. कूलिंग टॉवर मे महिन्यात बरा चालतो, कारण हवा कोरडी असते. घरचा वाळ्याचा कूलरही त्याच कारणाने चालतो. पाऊस सुरू झाला की दोघेही हात टेकतात. २५ अंश हवेत तर चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. तो येईपर्यंत फीड, म्हणजे जिवाणूंना थोडं थोडं दिलं जाणारं ग्लुकोजचं खाद्य, कमी करा. वाढ मंदावली की उष्णताही कमी होते.

तसंही ग्लुकोज सढळ हाताने देणं ही जुनीच खोड. जास्तीच्या ग्लुकोजचं ॲसिटेट होतं आणि वाढ अडते. पीएच सांभाळायला अल्कली नेहमीपेक्षा जास्त जाऊ लागली, तर संशय घ्या. फीड क्षणभर थांबवा: विरघळलेला ऑक्सिजन लगेच उसळला तर ग्लुकोज साठलेलं नाही, उसळी उशिरा आली तर साठलं होतं.

पण हे वाचन ऑक्सिजन मोजणारा प्रोब खरा बोलत असेल तरच कामाचं. प्रोब निर्जंतुकीकरणानंतर, काम करणार त्याच तापमानाला कॅलिब्रेट करा. ३७ अंशांपेक्षा २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे तापमान बदललं की जुने १०० टक्के तेच राहत नाहीत.

फेस दिसला की अँटीफोमची (फेस मारणाऱ्या द्रवाची) बाटली उपडी करणारे प्रत्येक लॅबमध्ये असतात. थेंबाथेंबाने घाला, जास्त झालं तर बुडबुडे एकत्र येऊन ऑक्सिजन विरघळणं मंदावतं, पुढे गाळणीही तुंबते.

ग्लुकोज आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करू नका), माध्यम तपकिरी होतं. आणि ‘अजून थोडं मिळेल’ म्हणून बॅच लांबवू नका. पेशी फुटल्या की एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं विषारी द्रव्य, बाहेर पडतं, आणि लशीच्या प्रथिनातून ते काढायचं काम शुद्धीकरणवाल्यांच्या गळ्यात पडतं.