शून्य सावलीचा दिवस घरी कसा पाळावा: पूजा नाही, मुहूर्त नाही, तरीही विधी

सत्यनारायण बंद झाला, उपास सुटले, सोवळंओवळं गेलं, हे बरंच झालं. पण त्याबरोबर चार चांगल्या गोष्टीही गेल्या: आदल्या दिवशीची तयारी, मांडणी, सगळ्यांनी ठरलेल्या वेळी एका जागी थांबणं, एकाच पातेल्यातलं काहीतरी वाटून खाणं. त्यांच्या जागी बहुतेक घरांत वाढदिवसाचा केक तेवढा उरतो.

विधीला देव लागतोच असं नाही. त्याला लागते आपल्या सोयीने न हलणारी वेळ, हाताला काम, घरातल्या प्रत्येकाचा वाटा, थोडी वाट बघणं आणि डोळ्यांदेखत घडणारं काहीतरी. पुरोहिताविना विधी आपल्याकडे नवा नाही; जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि समाजाने भटजींशिवाय लग्नं लावून दाखवली. लग्न मात्र आयुष्यात एखाद्या वेळी येतं. दरवर्षी परत येणारं काही हवं असेल तर आकाशाकडून घ्यावं, आणि त्यातही शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्र-गोव्यातल्या घरांना अगदी सोयीचा आहे.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला (आणि मकरवृत्ताच्या उत्तरेला) असलेल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी भर मध्यान्हीला उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाखाली जाते. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात आहे. दिल्लीच्या नशिबी हा क्षण कधीच नाही. आपल्याला शाळेत ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असं शिकवतात, त्यात तीन चुका आहेत: रोज येत नाही, बाराला येत नाही, आणि बहुतेक जगात तर येतच नाही.

तारीख आणि मिनिट

तारीख अक्षांशावर ठरते. पणजीत साधारण २-३ मे, कोल्हापुरात ६-७ मे, सोलापुरात १०-११ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशिकला २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरी फेरी जुलै-ऑगस्टमध्ये येते (पुण्यात जुलैअखेर, मुंबईत २७-२८ जुलै), पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. विधी मेमध्येच धरावा. जुलैमध्ये ऊन पडलं तर जाता जाता बघून घ्यावं, त्यासाठी पाहुणे बोलावू नयेत.

मिनिट काढायला गणित नको. त्या दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या आणि दोन्हींचा बरोबर मध्य काढा. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो; मध्य येतो १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. मुंबईत तो १२:३५ च्या आसपास, नागपुरात १२:१० च्या थोडा पुढे. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वेळा वापरायच्या असतील तर त्या कोणत्या शहराच्या आहेत ते आधी वाचा. पंचांगाचा याहून निरुपद्रवी उपयोग सापडणं कठीण.

आता एक हिशेब, कारण लोक तारखेवरून उगाच घोळ घालतात. मेच्या मध्याला सूर्य रोज सुमारे पाव अंश उत्तरेला सरकतो. तीस सेंटिमीटर उंच नळीसाठी पाव अंश म्हणजे सव्वा मिलिमीटर सावली. आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे एका मिनिटात सावली साधारण तेवढीच, सव्वा मिलिमीटर, पूर्वेला सरकते. म्हणजे एक दिवस चुकणं आणि एक मिनिट चुकणं यांत मापाच्या दृष्टीने फरक नाही. सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कडही दोन-अडीच मिलिमीटर धूसर असते, त्यामुळे दोन्ही चुका डोळ्याला कळत नाहीत. तेव्हा तारीख रविवारच्या सोयीने एक दिवस मागेपुढे केली तरी चालेल. दहा मिनिटं उशीर मात्र चालणार नाही, तेवढ्यात सव्वा सेंटिमीटर सावली बाहेर पडलेली असते.

मांडणी

साहित्य घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: दोन इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, लाकडी पाट, ओळंबा (गवंड्याचं दोरीला टांगलेलं वजन), पाण्याने भरलेली सपाट थाळी किंवा स्पिरिट लेव्हल, खाकी कागद, पेन्सिल, मेण. पाइप दुकानदाराकडून मशीनवर काटकोनात कापून घ्या. हाताने करवतीने कापलेला तुकडा हमखास कलतो.

पाइपऐवजी स्टीलचा पेला उपडा ठेवू नका. पेला वर रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. उपडा ठेवला की तो वर निमुळता होतो, आणि मग सूर्य डोक्यावरून बराच ढळला तरी सावली बुडाबाहेर येत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, अर्धा तास शून्य सावली! तांब्याचं पोट आड येतं, समईच्या तबकड्या आड येतात. सरळसोट नळकांडं हवं.

खरी फसगत गच्चीवर होते. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो, आणि शंभराला एक एवढा ढाळ असला तरी ३० सेंटिमीटरच्या नळीला तीन मिलिमीटर सावली राहते. सगळं बरोबर करूनही सावली नाहीशी होत नाही तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच. म्हणून पाट ठेवा, त्यावर पाण्याची थाळी ठेवा. पाणी सगळ्या बाजूंनी काठापासून सारखं खाली दिसेपर्यंत पाटाच्या पायाखाली घडी घातलेला कागद सारत जा. मग थाळी काढून खाकी कागद चिकटवा. पांढरा चार्टपेपर नको. मेच्या उन्हात त्याच्याकडे दोन मिनिटं बघवत नाही. नळीच्या आतल्या काठाला तीन ठिकाणी मेण लावून ती कागदावर उभी करा. बाहेरून मेण किंवा कणीक लावली तर नेमकी बघायची जागा झाकली जाते. शेवटी ओळंबा नळीच्या शेजारी धरून दोन बाजूंनी तपासा: एकदा दक्षिणेकडून, एकदा पूर्वेकडून.

हे काम दोघांनी करावं, एक मोठा आणि एक लहान. मुलांना ओळंबा हातात द्या. मोठ्यांना घाई असते. मुलं तो हलायचा थांबेपर्यंत थांबतात.

तो अर्धा तास

खाली दिलेल्या वेळा पुण्याच्या आहेत, आपल्या गावाच्या मध्यान्हीप्रमाणे सरकवून घ्या.

पाऊण वाजायच्या आत सगळं आटपतं, त्यामुळे बाराला मांडणी तयार असावी आणि बारा-पाचला मंडळी वर यावीत. टोप्या, चपला, पाण्याच्या बाटल्या हव्यातच. मेमधला स्लॅब अनवाणी पायांना पोळतो, आणि इथे अनवाणी राहण्यात कसलंही पुण्य नाही. वयस्कर माणसांनी सव्वाबारानंतर आलं तरी चालेल. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, जुन्या एक्स-रे फिल्ममधूनही नाही. बघायचं आहे ते पायाशी.

बारा-दहापासून दर पाच मिनिटांनी एकेकाने पुढे होऊन सावलीच्या टोकावर पेन्सिलीने खूण करायची आणि शेजारी आपलं आद्याक्षर लिहायचं. खुणा धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. सावली नळीच्या पश्चिमेला असते आणि प्रत्येक खुणेला आत आत येते; बारा-दहाला अडीच सेंटिमीटरच्या पुढे, सव्वाबाराला दोन, बारा-पंचवीसला जेमतेम पाऊण. एरवी सूर्य सरकतो हे आपल्याला ठाऊक असतं. इथे तो सरकताना दिसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खुणेनंतर गप्पा आपोआप कमी होतात. ‘शांत बसा’ असं सांगावं लागत नाही, सांगूही नये.

बारा-एकोणतीसला सगळ्यांनी उभं राहून पाटाभोवती कडं करावं, पण हात-दोन हात अंतर ठेवून, नाहीतर कुणाचं तरी डोकं नळीवर सावली पाडतं. एकतीसला नळीभोवतीचा कागद सगळीकडून सारखा उजळलेला दिसतो. आपल्या स्वतःच्या पायांकडेही बघा: डोकं आणि खांदे यांची एक छोटी काळी चकती पायांभोवती गोळा झालेली असते आणि ती कोणत्याच दिशेला लांबलेली नसते. कड्यातल्या प्रत्येकाची अशीच चकती. दोन-तीन मिनिटांत नळीच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला, बारीक काळी रेघ फुटते. ती पहिली पाहील त्याने सांगायचं. इथे विधीचा मुख्य भाग संपतो.

मग एक वही. गेल्या वर्षीचं पान घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाने वाचायचं, या वर्षीचं धाकट्याने लिहायचं: तारीख, मिनिट, आभाळ कसं होतं, कोण हजर होतं, कोण आलं नाही, कोण आता नाही. एवढंच. वही साध्या पुठ्ठ्याची असू द्या. पहिल्या वर्षी वाचायला काही नसतं, दुसऱ्या वर्षी थोडं कृत्रिम वाटतं. चौथ्या-पाचव्या वर्षी आधीची सगळी पानं वाचायला हवीत अशी मागणी घरातूनच येते.

नंतर पन्हं. दोन वाट्या उकडलेल्या कैरीचा गर, अडीच ते तीन वाट्या गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. दर पेल्याला दोन-तीन मोठे चमचे गर आणि माठातलं पाणी. एवढं आठ-दहा जणांना पुरतं. ते आधी वाटू नका. पेले हातात आले की माणसं जिन्याच्या सावलीत जाऊन बसतात आणि परत येत नाहीत.

काय आत येऊ देऊ नये

कुणी तरी मायेने नळीला हळदीकुंकू लावेल. त्यावरून गच्चीवर वाद घालू नये. कागदावर डाग पडतो आणि खुणा दिसत नाहीत, एवढं सांगितलं की पुरतं. ‘हा योग शुभ असतो का?’ असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर द्या: शुभही नाही, अशुभही नाही, शेजारच्यांच्या गच्चीवरही तो आत्ताच आहे. चुकलं तर काय होतं? काही होत नाही. ज्या विधीत या प्रश्नाला दुसरं उत्तर येतं तो भीतीवर चाललेला असतो.

जुन्या विधींनी ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांना इथे मुद्दाम कामं द्या. पाळी आलेल्या मुलीने ओळंबा धरावा. हळदीकुंकवाला न बोलावल्या जाणाऱ्या विधवा आजीने वही वाचावी. घरकामाच्या मावशी त्या वेळी घरात असतील तर त्यांचंही आद्याक्षर कागदावर यावं. याचं भाषण करू नये, नुसतं करावं.

उलट बाजूचा धोकाही आहे. घरात विज्ञानाचा कुणी शिक्षक किंवा हौशी काका असला की तो बारा-वीसला पृथ्वीच्या अक्षाचा कल समजावायला लागतो आणि क्षण निघून जातो. समजावणं पन्ह्याबरोबर. फोटोचंही तसंच: एक फोन तिवईवर लावून टाका, बाकीचे खाली ठेवा.

ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, वरच्या हिशेबाने ते चालतं. लागोपाठ तीन दिवस आभाळ झाकलेलं राहिलं तर वहीत तसं लिहा आणि पन्हं प्या. गावाकडे खोल, सरळ बांधलेली विहीर असेल तर त्या मिनिटाला ऊन थेट पाण्यापर्यंत पोचतं आणि एरवी काळोखात असणारी सगळी भिंत उजळते. तिथे जाण्यासारखं आहे, फक्त पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंबही डोळ्यांना घातक ठरू शकतं, तेव्हा भिंतीकडे बघा.

तोच पाट, वर्षभर

दर महिन्याला काहीतरी करायचा उत्साह आवरा. सहा महिन्यांत सगळंच सुटतं. वर्षातून आणखी तीनदा पाट काढणं पुरे. पुण्यातल्या ३० सेंटिमीटरच्या नळीची मध्यान्हीची सावली २१ मार्चच्या सुमारास १० सेंटिमीटर असते आणि २१-२२ डिसेंबरला २७ सेंटिमीटर, वर्षातली सर्वांत लांब. तीळगूळ त्या दिवशीही वाटायला हरकत नाही, कारण सूर्य उत्तरेला वळतो तो तेव्हाच. चौदा-पंधरा जानेवारीची संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने ती दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस मागे पडत गेली. संक्रांत आणि सूर्याचं हे वळणं एकाच दिवशी पडत होतं त्याला सतराशे वर्षं झाली. २१ जूनला ऊन मिळालं तर सोडू नका. सावली असते अडीच सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे! मे ते जुलैमध्ये आपला सूर्य दुपारी उत्तरेला असतो, आणि जन्मभर इथे राहिलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं.

घरातलं कुणी दिल्लीला असेल तर त्यांनाही सामील करून घ्या. पुण्याच्या शून्य सावलीच्या दिवशी त्यांनी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून त्यांच्या मध्यान्हीला, म्हणजे १२:१७ च्या सुमारास, सावली मोजावी. ती पावणेअठरा सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे साधारण १०.१ अंश. पुणे-दिल्लीचं सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,१२० किलोमीटर आहे. रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर घेऊ नका, तिथेच सगळे चुकतात. ३६० भागिले १०.१ गुणिले १,१२०: उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जरा आत येतं, हा पृथ्वीचा घेर. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांवरून हाच हिशेब केला होता. तुमचं उत्तर ३६ किंवा ४४ हजार आलं तर दिल्लीवाल्यांना काठी पुन्हा ओळंब्यात बघायला सांगा. एक अंशाचा कल एवढी चूक पाडायला पुरतो.