फ्लॉपनंतर बेट लावावी की चेक करावे?

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला हातात दोन पाने मिळतात; मग टेबलावर फ्लॉपची तीन सामाईक पाने उघडली की नवखा खेळाडू आपल्याला जोडी लागली का एवढेच पाहतो. लागली तर बेट लावतो, नाही तर चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो. हा नियम सोपा असला तरी तो पाळणे म्हणजे पत्ते उताणे धरून खेळणे होय, कारण दोन वेगळ्या पानांना फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच असते आणि उरलेल्या वेळी तुम्ही मुकाट चेक करता हे सावध प्रतिस्पर्ध्याच्या लवकरच लक्षात येते. म्हणून ही पाने दोघांपैकी कोणाला अधिक मानवणारी आहेत, हे आधी ठरवावे.

समजा, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच दोघांना लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमा, ५०-१०० आहेत. तुम्ही बटनवरून, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी खेळण्याच्या जागेवरून, एक्का-राणीवर २५० चे रेझ केले, म्हणजे बेट वाढवली; स्मॉल ब्लाइंडने (५० वाल्याने) पाने टाकली आणि बिग ब्लाइंडने (१०० वाल्याने) तेवढेच लावून कॉल केला. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ५५० चा झाला. फ्लॉपवर राजा, सत्ती आणि दुर्री अशी तीन वेगवेगळ्या रंगांची पाने आली व समोरच्याने चेक केले. तुम्हाला काहीच लागलेले नाही. तरीही एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा तुमच्याकडेच असण्याचा संभव अधिक, कारण ती पाने त्याच्याकडे असती तर त्याने बहुधा फ्लॉपआधीच पुन्हा रेझ केले असते. येथे १८० ची बेट लावावी. चारांतून एकदा त्याने पाने टाकली तरी तिचा खर्च निघतो, आणि अशा कोरड्या, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या पानांच्या, फ्लॉपवर तो त्याहून बराच जास्त वेळा पाने टाकतो.

आता त्याच एक्का-राणीवर नव्वी, अठ्ठी, सत्ती आली, त्यांतली दोन बदामाची, आणि तुमच्याकडे बदाम एकही नाही. स्ट्रेट (सलग पाच पाने), दोन जोड्या आणि नाना तऱ्हेचे ड्रॉ (एखाद्या पानाने पुरे होऊ शकणारे हात) आता बिग ब्लाइंडकडे भरपूर आहेत. येथे चेक करून टर्नचे, म्हणजे चौथे सामाईक, पान फुकट पाहावे. मी बरीच वर्षे अशा फ्लॉपवरही सवयीने बेट लावत असे आणि समोरून चेक-रेझ, म्हणजे आधी चेक करून मग केलेले रेझ, आले की मुकाट्याने पाने टाकत असे.

मधल्या ताकदीच्या हातांत गफलत अधिक होते. राजा-सत्ती-दुर्रीवर तुमच्याकडे एक्का-सत्ती असेल, तर मोठी बेट लावून साधत काही नाही, कारण राजा असलेला हटत नाही आणि ज्यांना तुम्ही हरवत आहात तेच बहुतेक निघून जातात. चेक केल्यास पॉट आटोक्यात राहतो. याउलट फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, एक पान कमी असेल, तर त्या रंगाची उरलेली नऊ पाने रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानापर्यंत, सुमारे ३५ टक्के वेळा साथ देतात, शिवाय समोरचा आत्ताच पाने टाकण्याचीही शक्यता असते, म्हणून तेथे बेट शोभते.

हा सारा हिशेब एका प्रतिस्पर्ध्यापुरता आहे. समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा पाने टाकतो असे धरले, तरी तिघांनीही टाकण्याची शक्यता आठांत एक उरते. तेथे रिकाम्या हाताने चेकच करावे.