शिक्क्याआधी बूड पाहा

माझ्या संग्रहातलं पहिलं ‘लष्करी’ रॉकेट लष्करी नव्हतंच, हे कळायला मला दोन वर्षं लागली. लोखंडी नळकांडं, त्यावर बाणाच्या फाळाचा ठसा. विकणारा म्हणाला, ‘हेल’चं आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम हेल या इंग्रज संशोधकाच्या नमुन्याचं युद्धाचं रॉकेट. मी घेतलं.

तो ठसा माल ब्रिटिश सरकारी आहे, एवढंच सांगतो. लंडनजवळच्या वूलविचच्या सरकारी कारखान्यात युद्धाची रॉकेटं बनत, तशीच बुडत्या जहाजाकडे दोर फेकणारी, बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नमुन्याची रॉकेटंही. माझं तसलं होतं. कूळ ठरतं ते बुडावरून आणि रॉकेट सरळ ठेवणाऱ्या दांडीच्या जागेवरून. हेलच्या आधीचा इंग्रज रॉकेटकार काँग्रीव्ह, त्याच्या सुरुवातीच्या रॉकेटांना लाकडी दांडी बाजूला बांधलेली असे. 1815 नंतर ती बुडाच्या मधोमध आली आणि भोवती पाच छिद्रं. हेलच्या रॉकेटाला दांडीच नाही. ब्रिटिशांनी 1867 मध्ये घेतलेल्या नमुन्याच्या बुडाला तीन छिद्रं, प्रत्येकाला एका बाजूने वक्र आडोसा. बाहेर पडणारा वायू त्यावर आपटतो, रॉकेट स्वतःभोवती फिरतं आणि त्यामुळे सरळ जातं. बॉक्सरची दांडी बाजूला. माझ्या नळकांड्यावर तिच्या पकडीची तुटकी खूण होती, ती मी गंज समजलो. बूड मातीने लिंपलेलं होतं, ते पाहिलंच नाही. म्हणून सांगतो, बूड दिसत नसेल तर व्यवहार थांबवा. ‘घरी नेऊन साफ करून बघा’ म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

कारण आत स्फोटक दारू असू शकते. 2018 मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या नगरच्या विहिरीतून म्हैसूरच्या फौजेचे हजाराहून जास्त बाण, म्हणजे लोखंडी रॉकेटं, निघाले. ते अठराव्या शतकातले, तरी त्यांत दारूचे घटक होते. काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही, भिजलेली वाळली की पुन्हा पेटू शकते. ड्रिल, ग्राइंडर, तारेचा ब्रश, काही लावू नका. जागेवरून न हलवता पोलिसांना कळवा. हातात तोलून ‘रिकामं आहे’ सांगणारे गुरू मला भेटलेत. त्यांच्यापासून लांब राहा.

एवढं वाचून घाबरू नका. चूक सगळ्यांची होते, आणि नजर बसते. संग्रहालयात जाऊन एकाच बुडासमोर अर्धा तास उभं राहिल्यावर जे समजतं, ते शंभर फोटोंत समजत नाही. माझं बॉक्सर मी विकलं नाही. आता त्याची चिठ्ठी बरोबर आहे.