लायपोसोममधून पाणी किती वेगाने जातं: स्टॉप्ड-फ्लोवर मोजायची रीत

१९९२ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत अ‍ॅक्वापोरिन हे पडद्यातलं पाण्याची वाहिनी असलेलं प्रोटीन बनवून घेतलं आणि त्या सौम्य द्रावात टाकल्या, तेव्हा त्या फुगून फुटल्या. प्रोटीन पाणी आरपार जाऊ देतं हे त्यातून कळलं. एका वाहिनीतून सेकंदाला किती रेणू जातात हे सांगायला मात्र शुद्ध प्रोटीन, ठरावीक लिपिड आणि मोजलेल्या आकाराचे लायपोसोम (लिपिडच्या पडद्याचे सूक्ष्म पोकळ गोळे) लागतात. इथे ई. कोलाय या जिवाणूचं अ‍ॅक्वापोरिन-झेड धरलं आहे.

तत्त्व सोपं आहे. लायपोसोमच्या बाहेर अचानक साखर वाढवली की आतलं पाणी बाहेर पडतं, लायपोसोम आकसतो आणि जास्त प्रकाश विखुरतो. हे सगळं मिलिसेकंदांत उरकतं, म्हणून स्टॉप्ड-फ्लो (दोन सिरिंजमधले द्राव झटक्यात मिसळून लगेच मोजणी सुरू करणारं यंत्र) लागतो.

लायपोसोम

ई. कोलाय पोलर लिपिडचा क्लोरोफॉर्ममधला द्राव नायट्रोजनखाली वाळवून रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा. बफर: २० मिलिमोलर हेपीस, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.५. लिपिड १० मिग्रॅ/मिली करा आणि गढूळपणा जाईपर्यंत ऑक्टिल ग्लुकोसाइड हे डिटर्जंट घाला. साधारण दीड टक्क्याला द्राव स्वच्छ होतो. मग वजनाने ५० भाग लिपिडला १ भाग प्रोटीन घाला.

याच वेळी कंट्रोल लायपोसोमही लावा. त्यात प्रोटीनऐवजी प्रोटीनचंच बफर, त्यातल्या डिटर्जंटसकट, तेवढंच घाला. डिटर्जंट कधी न पाहिलेले लायपोसोम कंट्रोल म्हणून वापरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. उरलेलं डिटर्जंट पडदा सैल करतं आणि तो सैलपणा मग वाहिनीच्या खात्यावर जमा होतो.

डिटर्जंट निघून जावं म्हणून दोन्ही नमुने शंभरपट बफरमध्ये दोन दिवस डायलिसिसला ठेवा आणि बफर तीन-चार वेळा बदला. नंतर १०० नॅनोमीटरच्या पॉलीकार्बोनेट फिल्टरमधून ११ वेळा दाबून काढा. वेळा विषम ठेवायच्या, म्हणजे नमुना शेवटी पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि फिल्टरमधून न गेलेला गाळ अलीकडेच राहतो. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) व्यास बघा. १२० नॅनोमीटरच्या आसपास अपेक्षित आहे. मोठे लायपोसोम कितीतरी पटीने जास्त प्रकाश विखुरतात, त्यामुळे मूठभर जाडजूड लायपोसोमही पुढचा सगळा आलेख आपल्याकडे ओढतात. वितरण पसरट दिसलं तर पुन्हा फिल्टर करा, आकडेमोडीत ते सावरता येत नाही. तयार लायपोसोम ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

शॉट

३०० मिलिमोलर सुक्रोज त्याच बफरमध्ये विरघळवा. साध्या पाण्यात केलंत तर मिठाचा ग्रेडियंट उलट्या दिशेने लागतो. दोन्ही द्राव गाळून, हवा काढून घ्या. बुडबुडा राहिला की आलेखात अचानक मोठा सुळका येतो. लायपोसोम ०.५ मिग्रॅ/मिलीपर्यंत पातळ करा. तापमान १० अंश, सिरिंज भरल्यावर दहा मिनिटं थांबा, प्रकाश ४३६ नॅनोमीटर, मोजणी ९० अंशांत.

पहिले तीन-चार शॉट (एकदा मिसळून घेतलेली मोजणी म्हणजे एक शॉट) फेकून द्या, नळ्यांत जुना द्राव असतो. पुढच्या आठ-दहांची सरासरी घ्या. आलेख झपकन चढून सपाट व्हायला हवा. चढून पुन्हा हळूहळू खाली आला तर सुक्रोज आत शिरतंय, म्हणजे पडदा गळका आहे; नमुना टाकून द्या. साखर नसलेल्या बफरबरोबरही एक शॉट घ्या. तिथे रेषा सपाट नसेल, तर तुम्ही मोजताय ते मिसळण्याचे धक्के आहेत.

१० अंश का? यंत्राचा एक-दोन मिलिसेकंदांचा डेड टाइम, म्हणजे द्राव मिसळून मोजणीपर्यंत पोचण्यात जाणारा वेळ, दिसतच नाही. वेगांक के (आलेखावर घातांकी वक्र बसवून मिळणारा, तो किती झपाट्याने चढतो ते सांगणारा आकडा) ३०० प्रति सेकंद असेल तर दीड मिलिसेकंदात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बदल होऊन गेलेला असतो. थंडीत सगळंच मंदावतं, आणि लिपिडमधून जाणारं पाणी वाहिनीतल्यापेक्षा जास्त मंदावतं. दोहोंतला फरक त्यामुळे ठळक होतो.

हिशेब

पारगम्यता पीएफ = के ÷ (पृष्ठभाग/आकारमान × १८ × बाहेरची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून तीव्रता). १८ म्हणजे एक मोल पाण्याचे घन सेंटिमीटर. हे सूत्र सुरुवातीच्या वेगासाठी आहे. शेपटीकडे वेग थोडा वेगळा पडतो.

सर्वात नेहमीची चूक ऑस्मोलॅरिटीत होते. दोन सिरिंज समसमान मिसळतात, म्हणून ३००चं सुक्रोज १५० होतं. बफरचे साधारण २२० धरून बाहेर ३७० मिलिऑस्मोल, म्हणजे ३.७ × १०^-४ मोल प्रति घन सेंमी. खरा आकडा ऑस्मोमीटरवर, मिसळलेल्या द्रावाचाच घ्या.

उदाहरणादाखल: १२० नॅनोमीटर व्यासाला पृष्ठभाग/आकारमान (६ ÷ व्यास) ५ × १०^५ प्रति सेंमी, म्हणजे भाजक ३,३३० येतो. कंट्रोलचा के ८, तर पीएफ ०.००२४ सेंमी/सेकंद. प्रोटीनवाल्याचा के ४०, तर ०.०१२०. फरक ०.००९६. एका लायपोसोमचा पृष्ठभाग ४.५ × १०^-१० चौरस सेंमी, गुणाकार ४.३ × १०^-१२. वजनाच्या प्रमाणावरून एका लायपोसोममध्ये सुमारे ८० मोनोमर (प्रोटीनच्या सुट्या साखळ्या, प्रत्येकीत एक वाहिनी) बसतात, म्हणून प्रत्येकी ५.४ × १०^-१४ घन सेंमी/सेकंद. पाण्याच्या एका रेणूचं आकारमान ३ × १०^-२३. भागलं की सेकंदाला जवळपास १८० कोटी रेणू.

प्रोटीनवाल्या नमुन्यात एकच घातांकी वक्र नीट बसत नसेल, तर बहुधा काही लायपोसोम रिकामे राहिलेत. दोन घातांकी घ्या, पण मंद घटकाचा के कंट्रोलच्या के वर बांधून ठेवा. मोकळा सोडलात तर सॉफ्टवेअर कुठलेही दोन आकडे जुळवून देतं.

पाणी वाहिनीतूनच जातंय याचा पुरावाही हवा. अ‍ॅक्वापोरिन-१ मध्ये मर्क्युरिक क्लोराइड १८९ क्रमांकाच्या सिस्टीनला चिकटून वाट अडवतं, झेडवर ती युक्ती चालत नाही. त्याऐवजी ५ ते २५ अंशांत पाच तापमानांवर मोजा आणि के चा लॉग १/तापमान (केल्विन) याच्याविरुद्ध काढा. त्या रेषेच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा मिळते. नुसत्या लिपिडला ती १० किलोकॅलरी/मोलच्या वर येते, वाहिनीला साधारण ५च्या आसपास. प्रोटीनवाल्या नमुन्यालाही १२ आली, तर के कितीही मोठा असो, पाणी पडद्यातूनच गेलंय.

आणि ते ८०. तेवढं प्रोटीन घातलं म्हणजे तेवढं पडद्यात बसलं असं नसतं. काही गोळा होऊन तळाशी जातं. हलकं सेंट्रिफ्यूज करून गोळे काढा, उरलेले लायपोसोम डिटर्जंटमध्ये विरघळवा, जेलवर माहीत असलेल्या मात्रांशेजारी चालवा आणि लिपिडसाठी फॉस्फेट वेगळं मोजा. निम्मंच बसलं असेल तर वरचे १८० कोटी थेट ३६० कोटी होतात.